उलटा वाचलेला हात

अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला की तुमच्या नोकरीबद्दल लिहा, जरा गमतीजमती लिहा. मी म्हटलं, अहो, माझ्या नोकरीत समोर बसलेला प्रत्येक जण शिंकत असे, त्यात गंमत काय लिहायची? त्या म्हणाल्या, तेच लिहा. आता लिहायला बसले आहे तर सुरुवात कुठून करावी ते समजत नाही. सव्वीस वर्षं मी लोकांना कशाची ॲलर्जी आहे ते शोधून देण्याच्या कामात होते. पहिल्या वर्षी मला जेवढं कळतंय असं वाटत होतं, त्याच्या निम्मंही निवृत्तीच्या दिवशी वाटत नव्हतं. तेव्हा गोंधळ झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी मूळची वर्ध्याची. लग्न होऊन पुण्यात आले, लॅबचा कोर्स झालेला होता, आणि कर्वेनगरात एका ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जागा होती. आमच्या वर्ध्याकडे सर्दी म्हणजे सर्दी. चार दिवस राहते, आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकते, जाते. पुण्यात आल्यावर पाहिलं की इथल्या लोकांना सर्दी होत नाही, त्यांना 'माझं नाक' असतं. "माझं नाक गणपती गेले की सुरू होतं." "माझं नाक सकाळी उठल्यापासून पेपर वाचून होईपर्यंत." त्या नाकाच्या वेळा आणि आवडीनिवडी घरातल्या सगळ्यांना पाठ असत. पहिले काही महिने मला वाटायचं की ही माणसं उगाच कौतुक करून घेतात. मग पुण्यातल्या तिसऱ्या पावसाळ्यानंतर माझंही नाक सुरू झालं आणि मी गप्प बसले.

ज्यांना या भानगडीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ॲलर्जी म्हणजे शरीराची गैरसमजूत. गवताचे पराग, गादीतल्या धुळीत राहणारे डोळ्यांना न दिसणारे किडे, बुरशी, झुरळांची भुकटी, जनावरांच्या कातडीचा कोंडा, या गोष्टी तशा निरुपद्रवी. पण एखाद्याचं शरीर त्यांना शत्रू समजतं आणि नाक, डोळे, घसा सगळीकडून त्यांना हाकलायला लागतं. शिंका, पाणी, खाज, चोंदलेलं नाक, हे सगळं त्या हाकलण्याचं. आता हाकलायचंय कोणाला हे शोधायचं, ते आमचं काम.

त्यासाठी हातावर टेस्ट करतात. पेशंटने माझ्यासमोर टेबलाशी बसायचं, दोन्ही हात उताणे करून टेबलावर लांब ठेवायचे. कोपरापासून मनगटापर्यंत मी पेनाने ठिपके काढायची. प्रत्येक ठिपक्याशेजारी एकेका वस्तूच्या अर्काचा एक थेंब, आणि त्या थेंबातून अगदी वरच्यावर टोचायचं, रक्त न काढता. मग वीस मिनिटं हात न खाजवता बसून राहायचं. ज्या वस्तूशी शरीराचं वैर, तिथे डास चावल्यासारखी गांध उठते. मी पट्टीने ती मोजून मिलिमीटर सांगायची, डॉक्टर लिहून घ्यायचे. उजव्या हातावरचे पहिले दोन थेंब आमची स्वतःची परीक्षा घेण्यासाठी असत. एक नुसतं मिठाचं पाणी, तिथे काही उठता कामा नये. दुसरा असा अर्क, की तिथे सगळ्यांनाच उठलं पाहिजे. तो नाही उठला तर समजायचं की पेशंटने सर्दीची गोळी घेतलेली आहे आणि टेस्ट फुकट गेली.

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. वीस मिनिटांनी पाहते तर दोन्ही हात स्वच्छ, तो उठायलाच हवा असलेला थेंबसुद्धा सपाट. मी विचारलं, "आपण आठ दिवसांत सर्दीची गोळी घेतलीत का?"

"नाही."

"खोकल्याचं औषध वगैरे?"

"ते औषध नाही, ते सिरप आहे. रोज झोपताना दोन चमचे. आपल्या कागदावर लिहिलंय की गोळ्या बंद करा. सिरपचा उल्लेख कुठेही नाही." मग पर्समधून आमचा छापील कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "शिवाय 'ॲलर्जी' दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलंय. ते एकदा बघून घ्या."

आम्ही कागद नव्याने छापून घेतला. बाई आठ दिवसांनी परत आल्या, नवा कागद आधी वाचला आणि मगच हात पुढे केला.

दुसरी आठवते ती हिंजवडीत नोकरी करणारी अमरावतीची मुलगी. माझ्या गावाकडची म्हणून जरा जास्त लक्षात राहिली. तिच्या जीन्सच्या खिशात नाक मोकळं करायच्या थेंबांची बाटली कायम असायची, दीड वर्षापासून. "ताई, हे टाकलं की लिटरली दोन सेकंदात नाक ओपन होते न. तुमच्या स्प्रेनी काहीच होत नाही." मी तिला सांगितलं की ते दोन सेकंदवाले थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक त्यांच्याशिवाय उघडायलाच नकार देतं. आमचा स्प्रे हळू चालतो, रोज मारावा लागतो, आठवडा-दोन आठवड्यांनी कळतं. आणि तो मारायचाही नीट. मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, नळीचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं, जोरात हुंगला तर घशात उतरतो. लोक मच्छर मारल्यासारखा मारतात आणि मग म्हणतात, उपयोग नाही. तिने ती बाटली माझ्या टेबलावर ठेवून जाताना दोनदा मागे वळून पाहिलं होतं.

आणि या सगळ्यात एक मोठी अडचण. हातावर गांध उठली म्हणजे नाकाला त्या वस्तूचा त्रास आहेच, असं नाही. एका गृहस्थांचा हात मांजराच्या थेंबाला भलताच फुगला आणि ते बारा वर्षं मांजर पोटाशी घेऊन झोपत होते, एक शिंक नाही. उलटही होतं, हात स्वच्छ आणि नाक गळतंय. म्हणून डॉक्टर सारखे सांगायचे, "सुलभाताई, हात काय म्हणतो ते बघा, पण माणूस काय म्हणतो तेही ऐका." दोन्ही जुळलं की आम्हाला बरं वाटायचं. ज्या केसमध्ये दोन्ही इतकं छान जुळलं होतं की डॉक्टर, पेशंट आणि मी, आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या, तीच सांगण्यासाठी हा सगळा पाल्हाळ.

त्याआधी माझी एक सवय सांगायला हवी. सुरुवातीला मी प्रत्येक ठिपक्याशेजारी नंबर घालत असे. पण ती शाई दोन-तीन दिवस जात नसे, आणि बायका फार कुरकुर करत. कोणाला बारशाला जायचं असे, कोणाला हळदीकुंकवाला. एक बाई म्हणाल्या, "मी काय गोदामातलं पोतं आहे का, आकडे घालायला?" तेव्हापासून मी नुसते ठिपके काढू लागले. कुठल्या हातावर कितवा थेंब कशाचा, हे मला तोंडपाठ होतं, आणि त्याचा मला गर्वही होता. दुसरी सवय सुरुवातीपासूनची. लावलेल्या थेंबांवरून आपली बाही जाऊ नये म्हणून आपल्यापासून लांबच्या टोकाला सुरुवात करायची आणि आपल्याकडे येत यायचं. पेशंट समोर बसलेला असला की लांबचं टोक म्हणजे त्याचा कोपर. वर्षानुवर्षं कोपर म्हणजे एक, मनगट म्हणजे दहा.

सोपानराव आले ते दसऱ्याच्या आसपास. खडकवासल्याच्या पलीकडच्या एका गावचे, पन्नाशीचे, मनगट माझ्या दोन मनगटांएवढं. त्यांच्याकडे वरातीची घोडी होती, मैना. तिला नाचता येत नसे, पण ती इतकी शांत होती की बुजऱ्या नवरदेवांच्या घरचे मुद्दाम तिलाच बोलवत. ते सगळं त्यांनी शिंकांच्या मधे मधे सांगितलं.

"गोठ्यात पाय ठिवला की सुरू हुतंया," ते म्हणाले. "नाक, डोळं, समदं. म्होरं दिवसभर डोकं जड. आन औंदा छातीत शिटी वाजतीया."

छातीतल्या शिट्टीमुळे डॉक्टरांचा चेहरा बदलला. नाकाची ॲलर्जी दुर्लक्षित राहिली की ती कधी कधी खाली उतरते. सोपानरावांचे वडील दम्यानेच गेले होते. त्यांनी तेही सांगितलं, आणि मग बराच वेळ शिंकायचेसुद्धा थांबले. त्यांना माहीत होतं की प्रश्न नाकाचा राहिलेला नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली, आठ दिवस औषध दिलं, शिट्टी थांबल्यावर टेस्टला बोलावलं. उजवा हात झाला. डाव्या हातावर ठिपके काढायला मी पेन उचललं तर सोपानराव पांढरेफटक.

"ताई, गरगरतंया."

धट्टीकट्टी माणसंच टाचणीला घाबरतात, हे मला नवीन नव्हतं. त्यांना पलंगावर आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. मी म्हटलं, "एवढे नवरदेव घोडीवर बसवलेत, आणि एवढ्याशा सुईला घाबरलात?"

"नवरदेव बी असंच पांढरं पडत्यात," ते डोळे मिटूनच म्हणाले.

आमची खोली लहान. पलंग झोपणाऱ्याच्या डाव्या बाजूने भिंतीला आणि पायाकडून कपाटाला टेकलेला. उजव्या हाताची वेळ सुरू झालेली, थांबणं शक्य नव्हतं. मी त्यांच्या उशाशी उभं राहून डाव्या हातावर ठिपके काढले, थेंब लावले, टोचलं. फाइलवर बारीक अक्षरात लिहिलं की उजवा हात झाल्यावर चक्कर, डावा आडवं करून. पंधरा मिनिटांत ते ठीक झाले, साखर घातलेला चहा प्यायले, आणि पुन्हा खुर्चीवर माझ्यासमोर येऊन बसले. मी नेहमीप्रमाणे पट्टी घेतली. उजव्या हातावर धुळीला थोडंसं. ते पुण्यात कोणाला नसतं? डाव्या हातावर एकच गांध, पण केवढी. कोपरापासून मोजलं.

"डावा, नऊ. अकरा मिलिमीटर."

डॉक्टरांनी यादी पाहिली. नऊ नंबर घोडा.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हात तेच म्हणत होता जे माणूस म्हणत होता. शंका घ्यायला जागाच नव्हती आणि कोणी घेतलीही नाही. डॉक्टरांनी स्प्रे दिला, छातीचं औषध दिलं आणि सांगितलं की घोडीचं करायला दुसरं कोणी मिळतंय का बघा, तुम्ही लांब राहा. दुसरं कोणी नव्हतं. मुलगा कंपनीत नोकरीला, बायकोला गुडघ्यांचा त्रास. तुळशीच्या लग्नाआधी त्यांनी मैना विकली. होळीच्या सुमारास दाखवायला आले तेव्हा छाती स्वच्छ होती, नाक मोकळं होतं. डॉक्टर खूश झाले. मीही झाले. सोपानराव म्हणाले, "आराम हाय," आणि टोपी घालून गेले.

मी ही गोष्ट पुढे तीन वर्षं सांगत होते. कोणी पेशंट म्हणाला की टेस्टचा काय उपयोग, की मी म्हणायची, एक वरातीची घोडी होती, ऐका. नाव न घेता सांगायची, पण रंगवून सांगायची. ऐकणारे लगेच हात पुढे करत.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात सोपानराव परत आले. त्यांना नंबर लागेपर्यंत बाहेर बसायचं नव्हतं, ते सरळ माझ्या खोलीत आले. डोळे लाल, नाक वाहतंय, आणि चेहऱ्यावर राग नाही, नुसता गोंधळ.

"ताई, मला काय समजंना. तुमी घोडी म्हणला हुता. चुलतभावाच्या घरी बैल हाय, भाऊ बाहेरगावी गेला म्हणून चार रोज बैलासाठी धरणाच्या कडंचं गवत कापून आणलं. घोडी न्हाय, घोडीचा केस न्हाय, आन हे बघा काय झालं. आन वैशाखात सोयऱ्याच्या लग्नात घोड्याचा लगाम धरून दोन तास हुबा व्हतो. येक शिंक न्हाय. आता ह्याचा अर्थ काय लावायचा?"

मी म्हटलं, असं होतं कधी कधी, हात वेगळं सांगतो. ते म्हणताना माझी मलाच भीती वाटली. ते डॉक्टरांकडे गेल्यावर मी फाइल काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, डावा आडवं करून. मी पलंगापाशी गेले. उशाशी उभी राहिले. समोर कोणी झोपलंय असं धरून पेन उचललं, आणि माझा हात आपसूक लांबच्या टोकाकडे गेला. उशाशी उभं राहिलं की लांबचं टोक मनगट असतं.

डाव्या हातावर दहा थेंब. उलटीकडून मोजलं तर नववा होतो दुसरा. दोन नंबर गवताचे पराग.

इंग्रजीत या आजाराचं नावच 'हे फीव्हर', म्हणजे वाळल्या गवताचा ताप. ते मी नव्या पेशंटना हौसेने समजावून सांगत असे. गोठ्यात शिंका येत होत्या, कारण गोठ्यात गवत होतं. मैनेसाठी पावसाळ्यानंतर फुलोऱ्यावर आलेलं गवत ते रोज डोक्यावरून आणत होते. घोडी गेली, गवत बंद झालं, नाक मोकळं झालं. सगळं किती छान जुळत होतं. पण मी लांबच्या टोकाकडून सुरुवात केलीच होती का, की त्या दिवशी भान ठेवून कोपराकडून केली होती? मला आठवेना. तीन वर्षं झाली होती आणि मधे हजारभर हात गेले होते. अजूनही, खरं सांगते, तो क्षण मला आठवत नाही.

मी गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं, हेही तेव्हा मनात आलं. ते लिहून ठेवते, कारण आलं होतं.

संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फाइल उघडून ती ओळ वाचली. "टेस्ट परत करू," ते म्हणाले. "आठ दिवस गोळी बंद, छाती बघून. आणि सुलभाताई, नंबर घाला."

मी नंबर घातले. दोन्ही हातांवर, ठसठशीत. सोपानराव या वेळी चक्कर न येता बसून राहिले. त्यांचं लक्ष सुईकडे नव्हतं, माझ्या तोंडाकडे होतं. वीस मिनिटांनी दोन नंबरवर बारा मिलिमीटर. नऊ नंबरची कातडी इतकी सपाट होती की तिथे थेंब लावला होता की नाही असं वाटावं.

डॉक्टर म्हणाले, मी सांगतो. मी म्हटलं, नको, मोजलं मी होतं.

मी सोपानरावांना टेबलावर दोन्ही हात ठेवून दाखवलं, मग पलंगाशी नेऊन दाखवलं, मी कुठे उभी होते आणि हात कुठून कुठे गेला असेल. म्हटलं, माझ्याकडून डावा हात उलटा वाचला गेला. घोडीचा काही संबंध नव्हता. तेव्हाच नीट कळलं असतं तर पावसाळ्याच्या आधीपासून स्प्रे सुरू करता आला असता, गवत दुसऱ्याकडून कापून घेता आलं असतं, नाकाला फडकं, घरी आल्यावर आंघोळ, कपडे बाहेर. मैनेला विकावं लागलं नसतं. मला वाटलं होतं की ते ओरडतील. मी तयारीने उभी होते.

त्यांनी बाहीची बटणं लावली. एक लावलं, दुसरं लागेना, सोडून दिलं.

"गवत म्हणला असता तर मी ऐकलं असतं व्हय?" ते म्हणाले. "फडकं बिडकं कोण बांधतंया. गवत कापतच राह्यलो असतो. दुसऱ्याच्या हातचं ती खाईना बी. माझा बाप असाच गेला, काम करता करता." मग जरा वेळाने, "म्हंजी तुमी चुकला म्हणून मी जगलो, असं म्हणायचं का काय? मला काय समजंना."

आम्ही तिघं त्या लहान खोलीत उभे होतो आणि बाहेर नंबरवाले शिंकत होते.

"तिला परत आणता येईल का?" मी विचारलं.

"न्हाई वो. तिकडं हिंजवडीच्या म्होरं हाय ती. घेतली त्या पोरानं बी जीव लावलाय तिला. आसं कसं मागायचं." ते दारापर्यंत गेले आणि थांबले. "माझं निराळंच हाय, ताई. न्यायला आले त्या दिशी ती गाडीत चढंना. मी तिच्या तोंडाला धरून सांगितलं, तुझ्यापायी माझा श्वास कोंडतोय, जा आता. तवा चढली. ह्ये खोटं निघालं की. तिला कोण सांगणार?"

मी म्हटलं, जाऊन या. ते म्हणाले, "मी कसा सांगू? मी येकदा सांगितलंय. तुमी चला."

घरी हे सांगितलं तेव्हा यजमान म्हणाले, "घोडीची माफी मागायला रविवारी हिंजवडीला जाणारी पुण्यातली तू पहिलीच असशील." ते खरंच असावं. मी गेले. पंधरा दिवस सोपानरावांना स्प्रे नीट मारायला लावला होता, मान खाली, उलट्या हाताने, आणि जाताना नाकाला मास्क लावण्याची अट घातली होती. श्वास कोंडलाच तर तोंडाने ओढायचा छातीचा स्प्रे डॉक्टरांनी माझ्याजवळ देऊन ठेवला होता. बसने दीड तास लागला. रविवार असूनही चौकात कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या होत्या. ते थांब्यावर माझी वाट बघत होते, धुतलेला सदरा, मास्क बरोबर लावलेला.

काचेच्या एका मोठ्या इमारतीच्या मागे पत्र्याची शेड होती आणि त्यात तीन जनावरं. मालक तरुण होता, भला माणूस. आम्ही कशाला आलो हे त्याला नीट कळलं नाही, आणि सोपानरावांनी समजावूनही सांगितलं नाही. "बघाया आलो," एवढंच म्हणाले. मैना कडेला बांधलेली होती. पांढरी, कपाळावर करडा डाग, पुढ्यात हिरव्या गवताचा भारा, तुऱ्यांसकट. मी ते गवत पाहिलं आणि सोपानरावांना म्हटलं, इथेच थांबा, जवळ जाऊ नका. ते पाच-सहा पावलांवर थांबले.

"आता सांगा," ते म्हणाले.

मी घोडीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी हजारो लोकांना सांगितलं होतं की तुमचं शरीर कोणाला शत्रू समजतंय. ज्याला शत्रू ठरवलं त्याच्यासमोर उभं राहायची वेळ कधी आली नव्हती. मागे मालक उभा होता. मला फार लाज वाटत होती, आणि ती कोणाची ते मला ठरवता येत नव्हतं.

"मैना," मी म्हटलं, "तुझ्यामुळे यांना काही झालं नव्हतं. मी यांचा हात उलटा वाचला. चूक माझी होती."

तिने कान हलवले आणि खात राहिली. मागून पावलं वाजली. सोपानरावांनी मास्क हनुवटीखाली ओढला, माझ्या बाजूने पुढे आले, गवतात पाय देऊन उभे राहिले आणि तिच्या मानेला कवटाळून तोंड तिच्या आयाळीत लपवलं. पहिली शिंक लगेच आली. मग दुसरी, मग तिसरी. त्यांना मागे ओढणं माझं काम होतं. छातीचा स्प्रे माझ्या पर्समध्ये होता, तो मी काढून हातात धरला, आणि त्यांना तिथे राहू दिलं.